खालच्या ओळींचा दिवा

रविवारी दुपारी थोरला आणि मधली एकाच गाडीतून उतरली, तेव्हाच धाकट्याने ओळखलं की आज आपली धडगत नाही. वडील अण्णा गेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, ही दोघं भावंडं एकमेकांशी तिसऱ्या माणसामार्फत बोलत. दादाला सांग, खिडकी लाव. ताईला सांग, मला गुदमरतं. अशी दोन माणसं शेजारी बसून आली म्हणजे वाटेत तह झाला असणार, आणि तह झाला की तिसऱ्यावर चाल करून जायचं हे ओघानेच आलं.

तिसरा म्हणजे धाकटा. वय चोपन्न, केस पांढरे, या रस्त्यावरच्या निम्म्या नाकांवर त्यानेच बसवलेले चष्मे. पण या घरात जन्माचा क्रम हेच नाव आणि हाच हुद्दा. थोरला मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाला तरी थोरलाच, आणि मधली टंकलेखनाचे वर्ग चालवते तरी मधलीच. धाकट्याने अण्णांमागे चष्म्यांचं दुकान सांभाळलं, बायकोचं आजारपण काढलं, ती गेल्यावर मुलीला एकट्याने वाढवलं. एवढं करूनही त्याला बढती काही मिळाली नाही.

"दुकान बंद ना रे आज?" जिना चढता चढता थोरल्याने विचारलं.

"रविवार आहे, दादा."

"मग बरं. एरवी अवघड विषय निघाला की तुला नेमकं गिऱ्हाईक ऐकू येतं."

वरच्या खोलीत घारीने चहा करून ठेवला होता. घार म्हणजे धाकट्याची मुलगी, एकवीस वर्षांची, नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेली. कॉलेज संपायच्या आधीच तिने हवाई दलात वैमानिक होण्यासाठी अर्ज केला होता, आणि घरातल्यांना वाटलं होतं, अर्ज काय कुणीही करतं. पण लेखी परीक्षा झाली. पाच दिवसांची निवड चाचणी झाली. एका यंत्रासमोर बसून दोन हातांनी एक आणि दोन पायांनी भलतंच काम करायची परीक्षाही झाली. एकशे बारा जणांतून सहा उरले आणि त्यात ही होती. आता फक्त वैद्यकीय तपासणी राहिली होती. येत्या बुधवारी, सकाळी सात वाजता, एका दिवसाच्या प्रवासावरच्या शहरात.

तपासणीला जाताना बापाच्या सहीचं संमतिपत्र न्यायचं होतं. ते संमतिपत्र आठ दिवसांपूर्वी आलं होतं. धाकटा ते रोज सकाळी खणातून काढायचा, चष्मा पुसून वाचायचा आणि परत ठेवून द्यायचा. नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि हो म्हणायची तयारी नव्हती. घार गेली की वरच्या दोन खोल्यांत त्याच्याशिवाय कोणी उरणार नव्हतं, एवढी साधी गोष्ट होती. पण ती तोंडाने कशी बोलायची?

"मी विरोधात नाही," थोरल्याने कपबशी हातात घेत सुरुवात केली. विरोधात असला की तो नेहमी असंच म्हणायचा. "मी फक्त विचारतो. लढाऊ विमान आहे. पडलं तर?"

"बाहेर उडी मारायची सोय असते, काका."

"आणि ती सोयच बिघडली तर?"

"तर तुमच्या शाळेच्या गच्चीवर आणून उतरवते. घंटा तेवढी लवकर द्या."

मधली खळखळून हसली. थोरल्याच्याही मिशीखाली काही तरी हललं, पण पस्तीस वर्षं वर्गासमोर उभं राहिलेला माणूस असा पटकन हसत नाही.

"दादा, उगीच फाटे फोडू नकोस," मधली म्हणाली. "गाडीत आपलं काय ठरलं? हो किंवा नाही, आज तोंडाने म्हणायचं. पोरीला टांगून ठेवायचं नाही. धाकट्या, कागद कुठे आहे?"

"खाली आहे."

"खाली कुठे?"

धाकट्याने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या थांब्यावर बस येऊन उभी राहिली होती. "चौदा," तो सवयीने पुटपुटला.

"खाली कुठे, धाकट्या?"

"खणात. गल्ल्याशेजारच्या."

मधलीने कप खाली ठेवला. त्या खणाची गोष्ट घारीसकट सगळ्यांना ठाऊक होती. छत्तीस वर्षांपूर्वी मधलीला दूरच्या वेधशाळेत हवामानाच्या नोंदी ठेवायची नोकरी लागली होती. नेमणुकीचं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. अण्णांनी ते त्याच खणात चाळीस दिवस ठेवलं, आणि मुदत उलटल्यावर एका सकाळी चहाबरोबर तिच्यापुढे सरकवलं. अण्णा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. नुसता खण लावून घेतला होता.

"म्हणजे खण अजून चालू आहे तर," मधली हळूच म्हणाली.

"ताई, तसं नाही गं."

"मग कसं आहे?"

वातावरण तापलं की विषय बदलायचा, ही थोरल्याची शाळेतली जुनी युक्ती. त्याने घसा खाकरला. "ते राहू दे. आधी मला सांगा, तपासणीत हिचं काय बघणार? डोळे बघणार. आणि डोळ्यांच्या बाबतीत या घराचा हात कोण धरणार आहे? तीन वर्षांची होती, अण्णांच्या मांडीवर बसून तक्त्याची शेवटची ओळ धडाधड वाचली होती! अण्णा ओरडले, 'पोर नाही ही, घार आहे घार!' मी स्वतः होतो तिथे. शाळेत दरवर्षी मुलांना सांगायचो."

"दरवर्षी दोनदा," मधली म्हणाली.

"धाकट्या, चल, आत्ताच तपास. आमच्यासमोर. वैद्य घरचा, खुर्ची घरची. शेवटची ओळ वाचली तर मीही विरोध सोडला."

"आत्ता म्हणालात विरोध नाही म्हणून," घार म्हणाली.

"तोच सोडला," थोरला म्हणाला, आणि सगळी वरात खाली निघाली.

दुकानामागची तपासणीची खोली जेमतेम दहा फुटांची होती आणि तिला खिडकी नव्हती. डोळे तपासायला वीस फूट अंतर लागतं. अण्णांनी त्यावर तोड काढली होती. अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, बसणाऱ्याच्या डोक्याच्या वर लावला, तोही उलट्या अक्षरांत, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. आरशात अक्षरं सुलटी होत आणि जाऊन-येऊन अंतरही पुरं होई. तक्त्याची पेटी पत्र्याची, आत दोन दिवे. एक वरच्या पाच ओळींसाठी, दुसरा खालच्या दोन बारीक ओळींसाठी, आणि दोघांची बटणं वेगळी. "ज्याला खालचं दिसणारच नाही त्याच्यासाठी दिवा कशाला जाळायचा?" असं अण्णांचं म्हणणं. माणूस पाचव्या ओळीपर्यंत आला की मगच दुसरं बटण दाबायचं. धाकट्यानेही ही पद्धत मोडली नव्हती.

घार खुर्चीत बसली. थोरला आणि मधली भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दार लावलं, अंधार झाला. धाकट्याने पहिलं बटण दाबलं.

"हं. वरून."

घारीने सुरुवात केली ती एका दमात. पहिली, दुसरी, तिसरी. पुढे तिचा आवाज ठेक्यात आला. या घरात तो ठेका सगळ्यांच्या कानात होता. दिवसभर आतल्या खोलीतून गिऱ्हाइकं तीच अक्षरं त्याच क्रमाने वाचायची, आणि घरातली मुलं त्यावर दोरीच्या उड्या मारायची. धाकट्याचं बोट दुसऱ्या बटणावर गेलं. पण तो बापलेकीच्या या खेळात असा रमला होता की बोट नुसतं टेकून राहिलं.

"न, ट, ग, व, प, र, ल!" घारीने शेवट केला.

थोरल्याने टाळ्या वाजवल्या. मधलीने पुढे होऊन पोरीचं डोकं पोटाशी धरलं. धाकट्याने आरशात पाहिलं. वरच्या पाच ओळी उजळलेल्या होत्या. खाली, जिथे शेवटच्या दोन ओळी असायला हव्यात, तिथे काळोखाची पट्टी होती. त्याचं बोट अजून बटणावरच होतं आणि बटण दाबलेलं नव्हतं.

त्याने ते हळूच दाबलं. बाकीच्यांचं लक्ष नव्हतं.

"घराण्याचे डोळे आहेत, घराण्याचे!" थोरला म्हणत होता. त्याला पाचव्या वर्षापासून जाड भिंगाचा चष्मा होता, हे त्या भरात तो विसरला. "माझं मत बदललं. जा पोरी, जा. वर बसून आमच्यावर लक्ष ठेव."

"आण तो कागद," मधली म्हणाली. "आत्ता सही कर. ह्या हाताने कर आणि त्या हाताने दे तिला."

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. तोच आवाज, तोच ठेका त्याच्या डोक्यात चालू होता. न, ट, ग, व. जे दिव्याशिवाय दिसूच शकत नाही ते तिने वाचलं होतं. म्हणजे वाचलंच नव्हतं. मग आजवर कधी वाचलं होतं? दर वर्षी वाढदिवसाला तो तिला या खुर्चीत बसवायचा, ती धडाधड म्हणायची, तो हसून गालगुच्चा घ्यायचा. याला तो तपासणी म्हणत होता. गावच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्याने घरच्या मुलीचे डोळे एकदाही तपासले नव्हते.

आणि आता हे सांगायचं कुणाला? आठ दिवस कागद खणात लपवलेला बाप, ऐन सहीच्या वेळी म्हणणार की पोरीच्या डोळ्यांत दोष आहे?

"उद्या करतो," तो म्हणाला.

"काय?"

"सही. उद्या सकाळी करतो. तिची गाडी दुपारची आहे."

मधलीचा चेहरा एवढा शांत झाला की त्याला तिचा राग परवडला असता. "तू तेव्हा अठरा वर्षांचा होतास," ती म्हणाली. "दुकान रोज तूच झाडायचास. खण पुसायचास. माझं पत्र तुला दिसलं होतं की नाही हे मी छत्तीस वर्षांत कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. पण या पोरीच्या वेळी मी गप्प बसणार नाही, एवढं ध्यानात ठेव."

पत्र त्याला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. पाकिटावरचा वेधशाळेचा शिक्काही त्याने वाचला होता. तेव्हाही तो बोलला नव्हता आणि आत्ताही त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

"बाबा?" घार खुर्चीतून उठली होती. "तुम्हाला नकोच असेल तर तसं सांगा ना. उद्या, उद्या काय?"

"उद्या सकाळी. मी म्हटलं ना."

थोरला आणि मधली बाहेर पडली. जाताना मधली म्हणाली, "दादा, छत्री विसरलास." अकरा वर्षं तिसऱ्यामार्फत बोलणाऱ्या दोघांचं, धाकट्यावरच्या रागाने का होईना, जमलं. घार वर निघून गेली. तिच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

धाकटा संध्याकाळभर दुकानातच बसून राहिला. शटर अर्धं खाली होतं, त्याखालून रस्त्यावरचे पाय दिसत होते. त्याला एकेक गोष्ट आठवत गेली. घार उन्हात डोळे बारीक करायची, आणि सगळे म्हणायचे, रागीट आहे, आजोबांवर गेली. वर्गात कायम पहिल्या बाकावर, तर सगळे म्हणायचे, अभ्यासू आहे. आणि बस! सात वर्षं ती रोज सकाळी समोरच्या थांब्यावरून ओरडायची, "बाबा, कुठली आली?" आणि तो गल्ल्यावरून ओरडायचा, "सत्तावीस! धाव!" त्याला वाटायचं, हा आपल्या दोघांचा खेळ आहे. आई गेलेल्या पोरीने निघताना बापाचा आवाज ऐकायची काढलेली युक्ती आहे. त्याला या खेळाचा केवढा अभिमान होता! दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी कसा असतो?

त्याला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. बायको असती तर तिला तरी सांगता आलं असतं. वरून पेट्या सरकवल्याचे, कपाट उघडल्याचे आवाज येत होते. घार एकटी बांधाबांध करत होती आणि तो खाली एकटा ऐकत होता. एका जिन्याचं अंतर, पण चढवेना.

शेवटी तो उठला. जाड कागदाचा ताव काढला, पट्टी घेतली, काळी शाई घेतली. उलटी अक्षरं काढायला अण्णांनी त्याला नवव्या वर्षी शिकवलं होतं, आणि ही विद्या जगात दुसऱ्या कशाच्या उपयोगी नव्हती. जुन्या तक्त्यावरून त्याने प्रत्येक ओळीची उंची मोजून घेतली. सात ओळी, तीच मापं, फक्त अक्षरं वेगळी आणि क्रम वेगळा. त्याचाही हात चुकून दोनदा जुन्याच क्रमाकडे वळला. मग त्याने अक्षरांच्या चिठ्ठ्या केल्या, डबीत हलवल्या आणि निघतील तशी काढत गेला.

सकाळी साडेसातला त्याने जिन्याखालून हाक मारली. "घारे, खाली ये जरा."

ती कपडे करून तयारच होती. "सही केलीत?"

"आधी खुर्चीत बस."

"काल झालं की बाबा."

"काल माझी चूक झाली. बस."

ती बसली. त्याने दार लावलं आणि दोन्ही बटणं एकदम दाबली.

"हा कुठला तक्ता?"

"नवा आहे. वाच."

पहिली ओळ तिने वाचली. दुसरी वाचली, तिसरी वाचली. चौथीला ती थांबली. "म. नाही, भ. पुढचा स... की ख?" पाचवीला तिने मान पुढे काढली.

"मागे टेकून."

"खालचा दिवा लावा ना."

"लावलाय."

बराच वेळ ती आरशाकडे बघत राहिली. मग झटकन वळली. "तुम्ही मुद्दाम बारीक काढलंय हे!"

त्याला वाटलंच होतं. त्याने खिशातली लोखंडी पट्टी तिच्या हातात दिली. "जुना तक्ता तिथे टेकवून ठेवलाय. मोज."

तिने खरंच मोजलं. पदार्थविज्ञानाची पदवी होती, मापाच्या बाबतीत ती बापाचंही ऐकणारी नव्हती. एकेक ओळ, आधी जुन्यावर, मग नव्यावर. सातव्या ओळीपर्यंत मोजून झाल्यावर ती पट्टी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग आपण होऊन खुर्चीत येऊन बसली.

त्याने तिच्या नाकावर तपासणीची गोल, जड चौकट ठेवली. उजव्या डोळ्यापुढे एक भिंग सरकवलं, काढलं, दुसरं सरकवलं. मग डाव्या. हे काम त्याने हजारो वेळा केलं होतं, पण आज प्रत्येक भिंग तो दोनदा पुसत होता.

"आता बघ."

तिने सातवी ओळ वाचली. ठेक्यात नाही, एकेका अक्षरावर थांबत, नुकतीच वाचायला शिकलेली मुलं वाचतात तशी.

"सगळ्यांना असं दिसतं?" तिने विचारलं.

"हो."

"नेहमी?"

"हो गं."

"मला वाटायचं, शेवटची ओळ सगळ्यांना मुंग्यांसारखीच दिसते. ती वाचायची नसते, पाठ यावी लागते." ती आरशाकडेच बघत होती. "किती आहे?"

"उजवा सव्वा. डावा एक."

"आणि त्यांना चालतो किती?"

"तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. उड्डाणासाठी चष्म्याशिवाय शेवटून दुसरी ओळ, दोन्ही डोळ्यांनी. तो नियम तिने स्वतःच वाचून दाखवला होता, आणि दोघंही हसली होती, की हे तर आपलं घरचंच.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल. तू वाचलीस तेव्हा खालचा दिवा लागलेलाच नव्हता."

"मग कालच का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार होतो? आठ दिवस कागद माझ्याच खणात. ताईने विश्वास ठेवला असता? तू ठेवला असतास?"

तिने खरोखर विचार केला. "नाही," ती म्हणाली.

धाकट्याला एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. "माझी चूक आहे घारे. लहानपणीच कळायला हवं होतं. मी बापासारखा बघत राहिलो, चष्मेवाल्यासारखं एकदाही बघितलं नाही. आणि खोटं कशाला बोलू? काल कळल्यावर आधी तुझ्यासाठी वाईट वाटलं, पण त्याच्या मागोमाग एक क्षणभर बरंही वाटलं. जाणार नाही आता, असं वाटून. तेही तुला सांगून टाकतो."

चौकटीमागचे तिचे डोळे भरून आले होते. तिने चौकट काढली, फडक्याने नीट पुसली आणि त्याच्या हातात दिली. या घरात रडतानाही भिंगावर पाणी सांडू देत नसत.

"कागद आणा," ती म्हणाली.

"कशाला आता?"

"सही करा. मी जाणार आहे."

"अगं, तिथे पहिल्या दहा मिनिटांत तुला..."

"बाहेर काढतील. माहीत आहे मला. पण ते काढतील, तुम्ही नाही. मी इथेच राहिले तर आत्या म्हणेल, पोरीच्या मनात डोळ्यांचं भरवून अडवली. आणि नुसती आत्याच नाही. दहा वर्षांनी कधी तरी मी तुमच्यावर चिडेन, आणि मीही तेच म्हणेन. माझी मला खात्री नाही बाबा. म्हणून मला त्यांच्या तोंडून ऐकून यायचंय."

"मी येऊ बरोबर?"

"नको. तुम्ही आलात तर मला तिथे रडता येणार नाही." मग म्हणाली, "आत्याला मीच सांगेन, परत आल्यावर. तोवर चार दिवस तिला रागावू दे तुमच्यावर. चालेल ना?"

"सवय आहे," धाकटा म्हणाला. "ताईला माझ्याकडूनही एक सांगायचं राहिलंय. छत्तीस वर्षांचं."

त्याने खण उघडला आणि गल्ल्यावर उभ्या उभ्याच सही केली. आठ दिवस अडलेलं काम, पेनाला टोपण लावायच्या आत झालं.

दुकान त्याने त्या दिवशी दुपारपर्यंत उघडलं नाही. सव्वाचं आणि एकचं भिंग खणात होतंच. घारीने एक साधी काळी फ्रेम उचलली, ज्याकडे तिने इतकी वर्षं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याने भिंगांच्या कडा घासल्या, बसवल्या, दांड्या तिच्या कानांमागे वाकवून पाहिल्या. तिने चष्मा डबीत ठेवला, डबी खिशात टाकली.

"तिथे लावणार नाही," ती म्हणाली. "आधी त्यांना त्यांचं काम करू दे."

"लावू नकोस."

दुपारी तिने बॅग खांद्याला मारली आणि रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभी राहिली. धाकटा गल्ल्यामागे उभा होता, रोज सकाळी उभा राहायचा तिथेच. कोपऱ्यावरून बस वळली. त्याने सवयीने तोंड उघडलं.

पण घारीने डबी काढली होती. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, मान वर केली, आणि पलीकडूनच ओरडली, "सत्तावीस आहे, बाबा!"

त्याने नुसती मान हलवली. बस थांबली, माणसं चढली. दाराच्या दांडीला धरून घार मागे वळली. सात वर्षं ती अशीच वळून दुकानाच्या दिशेने हात हलवत आली होती. आज हात हलला नाही. तिने दुकानाची पाटी पाहिली, काचेतल्या फ्रेमा पाहिल्या, मग गल्ल्यामागे पाहिलं, आणि तिथेच पाहत राहिली.

तेव्हा धाकट्याच्या लक्षात आलं की आता तिला आपला चेहरा दिसतोय, आणि तो घाईघाईने हसला.